डेलवो सरांचा बूया आणि त्रिकोणाची एक बाजू

ज्या माणसाने जन्मात कधी दुकान काढलं नाही, त्याच्या दुकानाची शाखा निघू शकते का?

डेलवो सरांचं उत्तर होतं, "नाही."

कोलेट मसारचं उत्तर होतं, "निघालीय, सर."

कोलेट वकील होती. शाळेत सरांनी तिला भूमितीत काठावर पास केलं होतं. त्यामुळे 'सर' हा शब्द ती जरा चवीने, चघळून म्हणाली.

पण ही गोष्ट मधूनच सुरू झाली. फळ्यासमोर असते तर सरांनी इथेच खडू आपटला असता. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. मधेच उडी मारायला तुम्ही काय बेडूक आहात? तेव्हा सरांच्या समाधानासाठी पुन्हा पहिल्यापासून.

पक्ष

नॉर्बर्ट डेलवो, निवृत्त भूमिती शिक्षक. राहणार अमेरिकेतलं विस्कॉन्सिन, ग्रीन बे शहराच्या वरच्या अंगाला, जिथे दर तिसऱ्या घराच्या पत्रपेटीवर बेल्जियन आडनाव असतं आणि उरलेल्या दोन पेट्यांवर त्यांच्या जावयांचं. पत्नी ल्युसिल. शेजारी क्लॅरेन्स जादँ. भाऊ एक, एमिल, थोरला.

आणि बूया. कोंबड्या, बैलाचं शेपूट, कोबी, बटाटे, वाटाणे, गाजरं, म्हणजे गावात जे जे चालतं आणि जे जे उगवतं ते सगळं, न्हाणीतल्या टबाएवढ्या लोखंडी हंड्यात पहाटेपासून ओकच्या लाकडांवर रटरटवून केलेला दाट रस्सा. तो घरात करत नाहीत. चार माणसांपुरता बूया करणं म्हणजे दोन माणसांची मिरवणूक काढण्यासारखं आहे. बूया अंगणात होतो, गावासाठी होतो, आणि ढवळायला होडीचं वाटावं असं लाकडी वल्हं लागतं. वल्हं ज्याच्या हातात, त्याला कुणी काही विचारायचं नाही, असा रिवाज आहे. लोक आपापली पातेली घेऊन येतात आणि गप्प रांगेत उभे राहतात.

चर्चच्या उन्हाळी जत्रेत सरांचा बूया प्रार्थना संपायच्या आत संपायचा. फादर जेरार्डना याचं दुःख होतं, पण तेही आपलं पातेलं आदल्या दिवशीच आणून ठेवायचे.

आता एमिल. एमिलने जन्मभर गाई सांभाळल्या. मागच्या शरदात गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि गाई विकल्या. तरी तो पहाटे उठायचा, गोठ्यात जायचा, दिवा लावायचा, रिकाम्या दावणीकडे बघायचा, दिवा मालवायचा आणि परत यायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पण गोठ्याचा दिवा रस्त्यावरून दिसतो, आणि आमच्याकडे रस्त्यावरून दिसतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मे महिन्यात एका शनिवारी हा एमिल सरांकडे आला. कॉफी झाली. पावसावर बोलणं झालं. मग रस्त्याच्या कामावर, ट्रकच्या टायरवर, पुन्हा पावसावर. मग तो उठला, टोपी घातली, दारापर्यंत गेला. बसून बोलायचं ते हवापाण्याचं. खरं बोलणं आम्ही उभ्याने करतो, दाराची मूठ धरून, म्हणजे फजिती झाली तर पळता येतं.

मूठ धरून एमिल म्हणाला, "तुझा बूया. शनिवार-शनिवार रस्त्याकडेला विकावा म्हणतो."

"विक की."

"येत नाही मला." मूठ अर्धी फिरली. "शिकवशील?"

एमिलने धाकट्या भावाकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. घमेलंसुद्धा नाही. एकदा शिडीवरून पडला होता, तेव्हाही त्याने नॉर्बर्टला हाक न मारता स्वतःच शिडी उचलून आधी जागेवर ठेवली होती आणि मग पाय मोडलाय का ते पाहिलं होतं. सर म्हणाले, "बघू." ल्युसिलने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि ओळखलं की नवऱ्याच्या आत कुठेतरी पितळी बँड वाजायला लागलाय.

पहिली बाजू

दुकानाला नाव लागतं. एमिलचं नाव गाईंना माहीत होतं, गिऱ्हाइकांना नाही.

"नॉर्बर्टचं नाव टाका," ल्युसिल म्हणाली. "निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल ते."

फलक रंगवायचं काम क्लॅरेन्सने अंगावर घेतलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण क्लॅरेन्सला सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं. त्याने 'नॉर्बर्टचा बूया' ही अक्षरं सुरेख काढली आणि वर, जागा उरली म्हणून, सरांचं चित्र काढलं. गोल गाल, लाल नाक, ओठांवरून खाली ओघळणाऱ्या मिशा आणि मिशांखाली दोन पांढरे सुळे.

सर बराच वेळ बघत राहिले. "हा कोण?"

"तू."

"हा समुद्रातला प्राणी आहे, क्लॅरेन्स. बर्फावर झोपणारा. मला सुळे कुठेत?"

"ते सुळे नाहीत, ते हसू आहे. तुला हसताना पाहिलं नाही कधी, म्हणून अंदाजाने काढलं."

फलक तसाच लागला. दुसऱ्या रंगाला क्लॅरेन्सने नकार दिला, कलावंत म्हणून.

दुसरी बाजू

दर शनिवारी उजाडायच्या सुमाराला सर एमिलच्या अंगणात हजर. गाजराचा तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा हवा. बटाटा आधी नाही. आधी नाही म्हटलं ना! कोबी हाताने फाडायचा, सुरीने कापला तर रुसतो. हंड्याला तीन दगडांचा आधार आहे तो समभुज नाही, सरकव. खारी बिस्किटं रश्श्यात घालून द्यायची नाहीत, वेगळी द्यायची. एप्रन मागून बांध. मागून म्हणजे मागून.

एमिल ऐकायचा. ज्याने बैलाचं ऐकलं नव्हतं, बँकेचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरचं तर नाहीच नाही, तो एमिल धाकट्याचं ऐकून गाजर पुन्हा कापायचा. फक्त कधीतरी म्हणायचा, "वर्गात पोरं तुला काय म्हणायची रे, पाठीमागे?"

"मला कसं कळणार?"

"मला कळतंय आता."

दुपारी हंडा खरवडून झाला की दोघे उलट्या टोपल्यांवर बसून तळाचं उरलंसुरलं खायचे, काही न बोलता. संध्याकाळी सर शीळ घालत गाडी चालवत घरी यायचे. बूया जमला की नाही हे ल्युसिल विचारायची नाही. शीळ कुठल्या सुरात आहे त्यावरून कळायचं.

तिसरी बाजू

आमच्याकडे कुणी कुणाचं ओझं ठेवून घेत नाही. तुमच्या दारातला बर्फ शेजाऱ्याने उपसला, तर अंधार पडायच्या आत त्याच्या दारात केक पोचतो. मग केकच्या रिकाम्या भांड्यातून त्याच्याकडची अंडी येतात. मग अंड्यांच्या टोपलीतून तुमचं लोणचं जातं. अशी एक बर्फाची फेड ल्युसिल आणि क्लॅरेन्सच्या बायकोत अजून चालू आहे. मूळ बर्फ कधी पडला होता ते दोघींनाही आठवत नाही.

तेव्हा पहिल्याच शनिवारी एमिलने विक्रीतला वाटा सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तो उलट्या टोपलीखाली सरकवला. पुढच्या शनिवारी तो त्यांना घरी आल्यावर टोपीच्या अस्तरात सापडला. त्यांनी तो एमिलच्या पत्रपेटीत टाकला. मग तो मक्याच्या कणसांच्या पिशवीतून परत आला. सरांनी एमिलच्या खुराड्यात एका कोंबडीखाली ठेवला. कोंबडीने त्यातला थोडा खाल्ला.

शेवटी एमिलने डोकं चालवलं. तो दर रविवारी सरांचा वाटा सरांच्या नावाने चर्चच्या पेटीत टाकू लागला. जुलैत फादर जेरार्डनी व्यासपीठावरून, भर प्रार्थनेत, भरल्या गळ्याने आभार मानले. "आपले नॉर्बर्ट डेलवो. स्वतःचं नाव वापरू दिल्याबद्दल त्यांच्या बंधूंकडून त्यांना जे दर आठवड्याला मिळतं, ते सगळंच्या सगळं ते देवाला देतात."

सगळी मंडळी मागे वळली. सर बाकावरून हळूहळू खाली घसरले. "सरळ बस," ल्युसिल कुजबुजली. "दानशूर माणसं अशी बसत नाहीत."

दुसऱ्या रांगेत कोलेट मसार बसली होती. तिने प्रार्थनापुस्तक मिटलं.

साध्य

चर्चच्या वाहनतळावर तिने सरांना गाडीच्या दारातच गाठलं.

"सर, तुमची फ्रँचायझी आहे."

"फ्रँचायझी म्हणजे ते बर्गरवाले. हमरस्त्यावरचे. उंच खांबावर पिवळा दिवा असतो. माझ्याकडे दिवा नाही."

"दिव्याने होत नाही सर."

"तुला व्याख्या माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तुला कधीच माहीत नसायची."

"ही माहीत आहे," कोलेट म्हणाली. "आणि ही तुम्हाला आवडेल, तीन बाजूंची आहे. एक, दुसरा माणूस तुमच्या नावावर धंदा करतो. दोन, तो कसा करायचा ते तुम्ही त्याला शिकवता, सांगता, वर जाऊन तपासता. तीन, त्याबद्दल तो तुम्हाला काही देतो. तिन्ही बाजू जुळल्या की झाला त्रिकोण. तुम्ही त्याला काय म्हणता याला काही किंमत नाही. भाऊ म्हणा, मदत म्हणा, बूया म्हणा."

"पण मला काही मिळत नाही! ते चर्चला मिळतं!"

"तुमच्या नावाने. इकडून दिलं काय आणि तिकडून दिलं काय, दिलंच ना?"

"मी कागदावर सहीसुद्धा केलेली नाही."

"त्रिकोणाने कधी सही केलेली पाहिलीत, सर?"

सरांनी उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावलं. वाक्य चांगलं होतं. हे वाक्य या मुलीने दहावीत म्हटलं असतं तर काठावर राहिली नसती.

"आणि मग काय होतं?"

"मग राज्याच्या कचेरीत नोंद करावी लागते. शाखा देण्याआधी. हिशेब, माहितीपत्रक, सगळं. तुम्ही दिलीय आधीच."

"मी शाखा दिली नाही. तो दाराशी उभा होता."

मधेच: शेजाऱ्यांचं म्हणणं

क्लॅरेन्सचं म्हणणं असं पडलं की नोंद करू नये, कारण एकदा सरकारला बूया कळला की ते त्यात कोबी किती घालायचा ते ठरवतील. लगेच त्याचं दुसरं म्हणणं असं पडलं की नोंद जरूर करावी आणि एक शाखा त्याला द्यावी, तळ्याकाठी, जिथे मासेमारीवाले उतरतात. फलकाचं काम तो स्वतः करील.

खाटकाचं म्हणणं पडलं की गेल्या वर्षापासून शेपटांचा भाव वाढलाय त्याला फ्रँचायझीच कारण आहे. कसं, ते त्याने सांगितलं नाही. तो सांगत नसतो.

ल्युसिलचं म्हणणं पडलं की नवऱ्याने कुणालाही काहीही शिकवणं थांबवलं तर ते सर्वच दृष्टींनी

(इथे सर खोलीतून उठून गेले, त्यामुळे हे म्हणणं अर्धंच राहिलं.)

कचेरीशी संभाषण

सोमवारी सरांनी स्वच्छ शर्ट घालून, टाय लावून राज्याच्या कचेरीला फोन केला. फोनवर दिसत नाही हे त्यांना माहीत होतं, पण कचेरी ती कचेरी.

"आपली फ्रँचायझी कधीपासून आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"आहे असं मला काल वाहनतळावर कळलं."

"शाखा किती?"

"एक. म्हणजे एक भाऊ."

"मुख्य दुकान कुठं आहे?"

"मुख्य दुकान नाही."

"मुख्य दुकान नाही, पण शाखा आहे?"

"बाई, माझीही नेमकी हीच शंका आहे."

टकटक टंकल्याचा आवाज आला. "आपल्यावर काही दावे, तंटे?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "शेजाऱ्याशी कुंपणावरून आहे. पण तोंडीच आहे."

"शाखाचालकांचा पूर्वानुभव?"

"गाई."

"गाई?"

"आयुष्यभर."

टकटक थांबली. "मी 'दुग्धव्यवसाय' लिहिते," त्या म्हणाल्या आणि मग आवाज जरा खाली आणून, "बूयाच ना हो? आमचे आजोबा तिकडचेच. हे बघा सर, रीतसर नोंदीला जे जे लागतं ते मी सांगितलं तर तुम्ही फोनवरच रडाल. मी खुर्ची सोडून, नात म्हणून सांगते. तिन्हींतली एक गोष्ट काढून टाका. कुठलीही. मग तुम्ही आमचे कुणी नाही."

सरांनी आभार मानले. फोन ठेवला. टाय सोडला. एक बाजू काढायची. सोपं होतं, शाळेत पोरं रबराने खोडतात.

सिद्धता, प्रयत्न पहिला: नाव

पुढच्या शनिवारी फलक उतरला आणि 'एमिलचा बूया' असा नवा लागला. चित्राविना. सरांना आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं.

हंडा उकळत होता. एमिल वल्हं धरून उभा होता, एप्रन मागून बांधलेलं. एक गाडी आली, हळू झाली, आतून कुणीतरी फलक वाचला आणि गाडी पुढे गेली. आणखी एक आली. त्यातल्या बाईंनी काच खाली केली. "नॉर्बर्टचा नाही का आज?"

"नाही," एमिल म्हणाला.

"बरं बरं, काही नाही," असं म्हणून त्या फार गोड हसल्या आणि गेल्या. गोड हसल्या हे वाईट झालं.

दुपारपर्यंत एमिल हंड्याकडे बघत होता. तीच नजर. रिकाम्या दावणीकडे बघायची.

"कसं चाललंय?" सरांनी विचारलं.

"ठीक," एमिल म्हणाला. आमच्याकडे घर जळालं तरी 'ठीक' म्हणतात. पूर्ण जळालं तर 'तसं ठीक' म्हणतात. एमिल थोड्या वेळाने म्हणाला, "तसं ठीक."

सर उठले. गोठ्यात गेले. भिंतीला टेकवलेला जुना फलक, गाल, नाक, सुळे सगळ्यांसकट, खांद्यावर घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने रस्त्याकडेला ठोकला. शेवटचा खिळा अंगठ्यावर बसला. पहिली गाडी लगेच थांबली.

प्रयत्न दुसरा: पैसे

हे बोलणं हंड्यापाशी झालं. हंड्यात बघत बोललं की एकमेकांकडे बघावं लागत नाही.

"तू मला काही द्यायचं नाही," सर म्हणाले. "पेटीत नाही, टोपीत नाही, कोंबडीखाली नाही. मग प्रश्नच मिटला."

"नॉर्ब, मी फुकटचं खात नाही."

"मी कॉलेजात होतो तेव्हा दर महिन्याला घरून पाकीट यायचं. नोटांना दुधाचा वास यायचा. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ते पाकीट कोण पाठवायचं मला माहीत आहे. मी फुकटच खाल्लं ना?"

एमिलने वल्हं तळापर्यंत नेलं, वर आणलं. "ते वेगळं."

"कसं वेगळं? सिद्ध कर."

"तू हुशार होतास."

"याने काहीच सिद्ध होत नाही."

"बरं. तू लहान होतास." एमिलने वल्हं त्यांच्या हातात दिलं आणि टोपीने घाम पुसला. "आणि अजून आहेस. ढवळ, तळ धरेल."

सरांनी ढवळलं. पुष्कळ वेळ ढवळलं. तीस-चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या सिद्धतांमधली छिद्रं शोधली होती, पण या सिद्धतेत त्यांना छिद्र सापडलं नाही. डोळ्यांत मात्र धूर फार गेला.

उरलेली बाजू

"मग राहिलं काय?" कोलेटने आपल्या कचेरीत विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने सरांना उभं करून विचारलं. शाळेचा सूड एवढ्यावर भागतो.

"शिकवणं," सर म्हणाले.

"नाव राहू दे, वाटाही राहू दे. तुम्ही मात्र काही सांगायचं नाही. सुचवायचं नाही. तपासायचं नाही. एक गोष्ट सांगून ठेवते, देखरेख न ठेवता नाव वापरू दिलं की कायद्याने त्या नावाची धार जाते, मग ते कुणीही वापरलं तरी अडवता येत नाही."

"तो फलक पाहिलास ना? धार उरलीय?"

"नाही."

"मग पुढे."

"अंगणात उभं राहायचं नाही, सर. मालक म्हणून तर नाहीच."

"नुसतं उभं? गप्प?"

"तुम्ही गप्प उभे राहत नाही. भुवई वर जाते. तुमच्या भुवईवर आमचा अख्खा वर्ग चार ओळी खोडून पुन्हा लिहायचा." तिचा आवाज जरा मऊ झाला. "दुसरा मार्ग आहे. नोंद करू आपण. मी फी घेणार नाही. पण वर्ष जाईल, आणि तोवर एमिलकाकांना हंडा बंद ठेवावा लागेल."

सरांना गोठ्यातला दिवा दिसला. लागलेला, मालवलेला.

कोलेटने केलेल्या करारावर त्यांनी सही केली. नेहमीसारखी सुवाच्य.

शनिवार

सर घरी होते. त्यांनी कुंपण तपासलं. ल्युसिलच्या टोमॅटोंना कसं वाढावं ते सांगितलं. क्लॅरेन्सच्या शिडीचा कोन चुकलाय असं त्याला कळवलं. क्लॅरेन्स शिडीवरच होता.

ल्युसिल म्हणाली, "वर्तमानपत्र वाच."

"वाचलं."

"मग पुन्हा वाच. तू ते उलटं धरलेलं मी पाहिलंय."

फोन वाजला. सरांनी धावत नाही, पण धावल्यासारखं चालत जाऊन उचलला.

"नॉर्ब."

"हं."

"शेपटं घातली."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हाडं सुटायला लागलीत. काढू का आता?"

आता नाही. थोडं थांब, मांस चमच्याने सरकलं की मग. हे सगळं सरांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं, पातेलं घेऊन रांगेत उभं राहावं तसं.

"मला सांगता येत नाही, एमिल."

"माहीत आहे."

"सही केलीय."

"माहीत आहे रे."

पण कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडून हंड्याचा रटरट आवाज येत होता. एमिलने बहुधा फोन हंड्याच्या दिशेने धरला होता. सर ऐकत राहिले. उकळी नीट होती, फार जोराची नाही, तळातून येणारी, जाड. लाकूड ओकचं होतं. ते ऐकूनच कळत होतं. बऱ्याच वेळाने एमिल म्हणाला, "थांबतो थोडं," आणि फोन ठेवला.

सर तिथेच उभे होते. भुवई नेमकी काय करत होती ते सांगता येणार नाही, कारण त्यांनी चेहरा भिंतीकडे केला होता.

स्वयंपाकघरातून धडाम असा आवाज आला. ल्युसिलने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं टेबलावर आणून आपटलं होतं.

"घरात जेवायला काही नाही," ती म्हणाली.

"भाजलेलं मांस आहे की. मी पाहिलं."

"ते मला आवडत नाही आज. बूया घेऊन ये."

"ल्युसिल, मला तिथं जाता येत नाही. करार आहे."

"करारात शिकवायचं नाही असं आहे. विकत घ्यायचं नाही असं आहे कुठे? मी कोलेटला विचारलं सकाळीच." तिने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात पातेलं दिलं. "आणि मला एक सांग, विकत घेणाऱ्याला तोंड उघडण्यापासून आजवर कुठल्या कायद्याने अडवलंय?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत एवढी स्वच्छ सिद्धता त्यांनी कुणाकडून ऐकली नव्हती. त्यांना टाळी वाजवावीशी वाटली, पण हातात पातेलं होतं.

रांग

रांग फाटकापर्यंत आली होती. सर रांगेच्या शेवटी उभे राहिले. लोक म्हणाले, "अहो सर, तुम्ही पुढे व्हा," सर म्हणाले, "नाही नाही, मी गिऱ्हाईक आहे." हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की पुढे उभी असलेली कोलेट वळून हसली.

एमिलने मान वर केली तेव्हा समोर धाकटा भाऊ, छातीशी प्रचंड पातेलं.

"भर," सर म्हणाले.

एमिलने भरलं. काठोकाठ. सरांनी खिशातून पैसे काढले आणि पुढे धरले. एमिलचा हात तिथेच थांबला.

"नॉर्ब, तुझ्याकडून काय..."

"गिऱ्हाईक आहे मी. गिऱ्हाइकाकडून घेत नाहीस तू?"

"पण..."

"मागे माणसं खोळंबलीत!"

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या हो एमिल, ऊन आहे!"

एमिलने पैसे घेतले. हातात धरून जरा वेळ बघितले. केकची फेड नाही, अंड्यांची नाही, पाकिटाची नाही. नुसता माल आणि नुसता दाम. दोघा भावांमध्ये आजवर इतकी सोपी देवघेव झाली नव्हती. मग एमिलने ते एप्रनच्या खिशात टाकले आणि वर हात दाबून ठेवला.

सरांनी तिथेच चमचा काढून पहिला घास घेतला. हाडं अगदी वेळेवर निघाली होती. मीठ बरोबर होतं. कोबी रुसला नव्हता. सरांनी पुन्हा एक चमचा घेतला, कसून शोधलं, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. तक्रार करायला कुठेच जागा नव्हती. ही फार अडचणीची गोष्ट होती.

एमिल वाट बघत होता. अख्खी रांग वाट बघत होती.

"चमचे," सर शेवटी म्हणाले. "चमचे फार हलके आहेत. हातात काही धरलंय असं वाटतच नाही."

"सर," कोलेटने बाजूने विचारलं, "ही सूचना आहे की तक्रार?"

"तक्रार!"

"मग चालेल."

एमिलने वल्हं हंड्याच्या कडेला टेकवलं. "पुढच्या शनिवारी जड ठेवतो."

"ठेव. पुढच्या शनिवारी येऊन बघेन मी. आणि तेही आवडले नाहीत, तर त्याच्या पुढच्या शनिवारी बोलेन."

"एवढा त्रास होत असेल तर येऊ नकोस," एमिल म्हणाला. त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. या घराण्यात याला खदखदून हसणं म्हणतात.

"पैसे मोजलेत मी," सर म्हणाले. "येणारच."

त्यांनी पातेलं गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, पट्ट्याने बांधलं, दार लावलं. मग डिकीतून दुसरं, जरा लहान पातेलं काढलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांची आणखी एक तक्रार राहिली होती. काय ते अजून सुचलं नव्हतं, पण रांग लांब होती.